हनुवटीने दाखवलेलं घर

तुमच्या इमारतीत कुणाला शोधत माणसं आली, तर तुम्हाला आधी काय आठवेल: त्या जिवाचा चेहरा, की स्वतःचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना?

रियाधमध्ये आम्हा मराठी कुटुंबांचा शुक्रवार ठरलेला असे. कुणा एकाकडे जेवण, मग डीव्हीडीवर सिनेमा. त्या शुक्रवारी आम्ही आमच्यातल्या एका वहिनींकडे होतो. सिनेमा मी आणला होता, मुलांच्या कार्टूनच्या डबीत घालून. युद्धकाळातल्या ज्यूंची गोष्ट इथल्या कस्टमला उघड दाखवण्यासारखी नव्हती.

त्यात एक शेजारीण होती. पोलीस दारात येतात, ती नुसती हनुवटी वर करून वरचा मजला दाखवते. पुढच्या दृश्यात वरच्या ज्यू कुटुंबाचा पलंग तिच्या खोलीत असतो.

सगळ्यांनी डोळे पुसले. "कसली माणसं ही!" आमच्यातले ज्येष्ठ, बँकेतले काका म्हणाले.

"शेजारी म्हणा, काका," मी म्हटलं. माझे वडील चळवळीतले. पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. मला गप्प बसवत नाही.

"आली आमची पत्रकवाली!" काका हसले.

तेवढ्यात बेल वाजली. काकांनी दाराच्या भिंगातून पाहिलं. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, आणि त्याच्यासोबत एक सौदी तरुण. आम्हाला कळायचं ते कळलं. वहिनींच्या स्वयंपाकघरात एक इंडोनेशियन बाई होती. कफील, म्हणजे तिला इथे कामाला आणणारा मालक, तिला घरात कोंडून मारत असे, म्हणून ती पळाली होती, आणि वहिनींनी तिला ठेवून घेतलं होतं. सापडली, तर पुन्हा त्याच घरात.

"सांगून टाकू," काका कुजबुजले. "सगळ्यांनाच हाकलतील." आणि त्यांनी हनुवटीने स्वयंपाकघर दाखवलं.

"काका, तुमची हनुवटी!"

ते चपापले. "अगं, माझी मुलं शाळेत आहेत इथे."

"तिलाही मुलं होती, सिनेमातलीला."

वहिनी वादात पडल्याच नाहीत. त्यांनी बाईला आपला दुसरा काळा अबाया चढवला, आतल्या खोलीत आम्हा बायकांच्या मधोमध बसवलं आणि दार लावून घेतलं. परका पुरुष बायकांच्या खोलीत पाऊल टाकत नाही, ही इथली रीत. एरवी या रीतीवर मी किती चिडायचे! वहिनींचे यजमान जेद्दाला होते, म्हणून बाहेरचं दार काकांनाच उघडावं लागलं. बाईने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"अंदर कौन है?" हारिसचा आवाज.

काकांचा आवाज आला, "फॅमिली है. सब अपनी औरतें हैं."

पावलं वरच्या मजल्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनीच गाडी काढली आणि वहिनींना सोबत घेऊन तिला तिच्या देशाच्या वकिलातीत पोचवलं.

ज्यूंवर जे गुदरलं, त्याची बरोबरी मी करत नाही. तिथे वरच्या मजल्यावर मरण ठरलेलं होतं. पण हनुवटी उचलणारा माणूस दोन्हीकडे ओळखीचाच असतो, मुलाबाळांच्या काळजीतला. म्हणूनच त्याला अडवता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुम्ही आखातात राहत असाल, तर एक करा. तुमच्या जिन्यावर भेटणाऱ्या कामवाल्या बाईला आजच विचारा, "तुझा पासपोर्ट कुणाकडे आहे?" उत्तर "मालकाकडे" असं आलं, तर तिच्या वकिलातीचा पत्ता तिला द्या, आणि वेळ आली तर तिथवर सोबत जा.