आमची बॉडी

"सर, ही पट्टी आमच्या बॉडीची," निखिल म्हणाला.

वर्ग हसला. पडद्यावर माझा ईसीजी होता. पहिली ओळ उलटी, सगळे ठोके खाली डोकं करून. बॉडी म्हणजे मी. तिसऱ्या बाकावर जिवंत बसलेला.

परळच्या त्या क्लासात आम्ही ईसीजी वाचायला शिकत होतो. शेवटी परीक्षा. समोर पट्टी ठेवणार, आपण ठोके मोजायचे, लाटा ओळखायच्या, काय बिघडलंय ते सांगायचं. पास झालो तर मी ज्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे तिथेच टेक्निशियन म्हणून लागणार होतो. स्ट्रेचर ढकलणं सुटणार होतं. म्हणून ड्युटी करून मरमर करत क्लासला यायचो.

सर म्हणाले, "हातांच्या वायरी उलट्या लागल्यात. लाल उजव्या हाताला हवी, पिवळी डाव्या. बालवाडीतली चूक आहे ही. कुणी लावल्या?"

मी निखिलकडे बघितलं. वायरी त्याने लावल्या होत्या, त्याच्या बाबांच्या दादरच्या दवाखान्यात, त्याच्याच हाताने. वाटलं, आता जीभ चावेल आणि म्हणेल, सर, मी माती खाल्ली.

"त्यानेच लावून घेतल्या सर. वॉर्डबॉय आहे ना. घाईची सवय."

परत हशा. या वेळी मोठा. मी वॉर्डबॉय आहे हे वर्गात एकट्या निखिलला माहीत होतं. मीच सांगितलं होतं त्याला, दोस्त समजून. मी वहीत डोकं घातलं.

दुपारी दवाखाना बंद असायचा तेव्हा आम्ही तिथे अभ्यास करायचो. मशीन होतं, कॉट होती. पहिल्याच दिवशी त्याने माझं आडनाव विचारलं, मग घर. मी म्हटलं, नायगाव, बीडीडी चाळ. "अच्छा," म्हणाला. आणि जाताना म्हणाला, "उद्यापासून चादर घरून आणत जा हां. पेशंटची कॉट आहे, बाबांना स्वच्छता लागते."

मला पटलं. हॉस्पिटलात राहून स्वच्छता मला नाही कळणार तर कुणाला? आईने निळी चादर काढली. गरम पाण्यात धुतली, उन्हात वाळवली, कडक घडी घातली. शेजारणीला सांगत होती, डॉक्टरांकडे जाते आमची चादर. मी ती पिशवीत घालून न्यायचो आणि त्या कॉटवर अंथरायचो. निखिल त्याच कॉटवर चपलांसकट लोळत मोबाइल बघायचा. मी रोज बघत होतो. डोळे होते, पण उघडत नव्हते.

ठरलं होतं, आधी मी झोपायचं, मग त्याने. मी शर्ट काढायचो. हातापायांना चिमटे, छातीवर रबरी फुगे. तो पट्टी काढायचा, मोजायचा, मोठमोठ्याने पाठ करायचा. मी छताचा पंखा बघत ऐकायचो. माझी पाळी आली की बाबा यायची वेळ झालेली असायची. "उद्या नक्की रे," म्हणायचा. तो उद्या कधी उजाडलाच नाही.

हशा झाला त्या दिवशी क्लास सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. निखिल बाजूलाच उभा.

"वाईट वाटून घेऊ नकोस. परीक्षेला वायरी लावून दाखवायला कुणीतरी झोपायला लागतंच. तू झोप, तुझं पास व्हायचं मी बघतो. तुला वाचून करायचंय काय? वाचायला डॉक्टर आहेत."

"मीच सुचवलं सरांना," निखिल म्हणाला. "तुझं काम होऊन जाईल रे."

मी मान हलवली. हो, हलवली. सर्टिफिकेट डोळ्यासमोर दिसत होतं.

घरी बनियन बदलताना आईने छातीवरचे लाल गोल वळ बघितले.

"हे काय रे?"

"अभ्यास."

आई हॉस्पिटलात झाडू मारते. फुगे तिने रोज बघितलेत. वळांवरून बोट फिरवत म्हणाली, "अभ्यास डोक्यात होतो ना रे? मग तुझ्या छातीवर कसा उठला?"

मला चीड आली. निखिलवर, सरांवर, आणि त्या धुतलेल्या चादरीवर. माझ्या आईच्या हातून त्यांनी त्यांच्या मनातला विटाळ धुऊन घेतला होता, रोजच्या रोज.

परीक्षेच्या दिवशी कॉट तयार होती. वर्ग भोवती उभा. बाहेरून आलेले एक परीक्षक खुर्चीत बसलेले.

"काढ रे शर्ट, वेळ जातोय," निखिल म्हणाला.

मी वरचं बटन लावलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "मी झोपणार नाही. मी परीक्षेला आलोय. मला पट्टी द्या."

"मग झोपणार कोण?" सर खेकसले.

"निखिल झोपेल. त्याची पाळी कधीची राहिलीय."

कुणी हसलं नाही. निखिल शर्टाची कॉलर धरून उभा राहिला, जणू मी ती फाडणार होतो. परीक्षकांनी सरांकडे बघितलं आणि एक पट्टी माझ्या हातात दिली.

मी वाचायला लागलो. ठोके अनियमित आहेत हे कळलं, म्हणालो. पुढे लाटा शोधताना अडकलो. ऐकलेलं आठवत होतं, पण डोळ्यांना सवय नव्हती. वेळ संपली. मी नापास. निखिल पास.

घरी आईने चादर मागितली, धुवायला. मी सगळं सांगितलं. मग तीच चादर तिने माझ्या अंथरुणावर घातली.

अजून स्ट्रेचर ढकलतोय. परीक्षेचा फॉर्म परत भरलाय. आता मी आणि माझ्यासोबतचा एक वॉर्डबॉय मिळून अभ्यास करतो, हॉस्पिटलातल्या सिस्टरांना विचारून. एक दिवस तो झोपतो, एक दिवस मी. जो झोपतो त्याची पट्टी दुसरा वाचतो, आणि वायरी उलट्या लागल्या तर ज्याने लावल्या तो सांगतो.

सर्टिफिकेट मिळेल, न मिळेल. पण ज्याने स्वतःची छाती कधी उघडी केली नाही, त्याच्या शिकण्यासाठी मी माझी उघडी करणार नाही.