आबाजींच्या पलंगावर बसलेली बाई

दारात चपला काढल्या की ती आधी डोक्यावर पदर घ्यायची आणि विचारायची, “कुठी बसायचे ते?”

घरच्यांनी बोट दाखवलं की ती गेलेल्या माणसाच्या नेमक्या त्या जागेवर जाऊन बसायची. मग ती खुर्ची असो, ओटा असो, नाहीतर भिंतीजवळची सतरंजी. सांत्वनाला येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती त्या जागेकडे पाहायचंही टाळतात. ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसायची.

खापरखेड्याच्या आमच्या कॉलनीतल्या शाळेत ती आया होती. नवरा कधीच वारला होता. सगळे तिला मावशी म्हणायचे. कुणाचे आजी-आजोबा गेले की आठ-दहा दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, ती यायची. बसल्यावर बारीकसारीक विचारायची. हाक कशी मारायचे? खोकलायचे कसे? घरचे सांगता सांगता एकमेकांच्या चुका काढायचे, भांडायचे, मध्येच हसायचेही. आणि मग कधीतरी, बोलता बोलता, तिच्या तोंडून गेलेल्या माणसाचा आवाज यायचा.

क्वार्टरांच्या मागच्या रांगेतल्या एका म्हातारीच्या आवाजात तिने चहा मागितला, तेव्हा त्या घरची सून सवयीने ताडकन उठून चहा ठेवायला गेली. पातेल्यात पाणी ओतल्यावर तिच्या लक्षात आलं. कॉलनीभर ही गोष्ट हसत सांगितली जायची. मीही हसले होते. तेव्हा आमच्या घरी कुणी गेलं नव्हतं.

आमचे आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, एका दुपारी छातीत कळ येऊन गेले. बाबा तेव्हा वीज केंद्रात ड्युटीवर होते. निरोप मिळून ते येईपर्यंत सगळं संपलं होतं. व्हरांड्यातल्या लोखंडी पलंगावर बसून आबाजी रोज त्यांची वाट पाहायचे. स्कूटर थांबली की विचारायचे, “आला का गा, बाबू?” बाबा म्हणायचे, “आलो, बाबा.” इतकंच बोलणं. पण त्यात एक दिवस खंड नव्हता.

आबाजी गेल्यावर बाबा मागच्या दाराने घरात येऊ लागले. रडले नाहीत. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, उठायचे. रोज सकाळी बुद्धवंदना म्हणायचे, तीही बंद झाली. आई रोज व्हरांड्यात पडणारी वीज केंद्राची राख पुसायची, पण पलंग पुसायचं धाडस तिलाही होत नव्हतं. चिमणीतून उडून आलेली राख त्याच्यावर पातळ साचत गेली.

मावशी आली, तिने पदराने राख झटकली आणि पलंगावर बसली. मला तिचा राग आला. दोन दिवस ती आईला विचारत राहिली, आई सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटायच्या वेळेला ती रस्त्याकडे तोंड करून बसली. आई आणि मी स्वयंपाकघरात होतो. बाबांची स्कूटर मागच्या दाराकडे वळल्याचा आवाज आला.

“आला का गा, बाबू?”

आईचे कणकेतले हात तिथेच थांबले. आबाजींची कवळी सैल होती. बोलण्याआधी ती टक् वाजायची. तो टक्‌ मी ऐकला. मावशीचे सगळे दात तर तिचे स्वतःचे होते. आणि कवळीबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, हे आईने मला नंतर शपथेवर सांगितलं.

मागे स्कूटर बंद झाली. मग बाबा घराला वळसा घालून पुढे आले. डब्याची पिशवी हातातच होती. “आलो, बाबा,” ते म्हणाले, आणि पलंगाशी खाली बसून त्यांनी त्याच्या कडेला डोकं टेकवलं. “टायमावर नाही आलो. बाबा, मी टायमावर नाही आलो.”

“आला ना,” आबाजींचा आवाज म्हणाला. “आता आला ना.”

बाबा लहान मुलासारखे हमसून रडले. मावशीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत पाहून स्वतःच्या आवाजात म्हणाली, “वाढ वं त्याले. भूक लागली असन.”

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या दाराने येऊ लागले.

मी मात्र तिला रस्त्यात गाठलं. “काहून करता असं? आमच्यात भूतबित मानत नाहीत.”

“मी बी नाही मानत वं,” ती म्हणाली. “तिथं बसलं का येते. मले नाही माहीत कुठून.” आणि ती कुणी मागे उभं असल्यासारखी एकदा वळून पाहून पुढे गेली.

रिटायर झाल्यावर ती मुलाकडे बुटीबोरीला गेली. यंदा ती वारल्याचं कळलं, तेव्हा आई आणि मी भेटायला गेलो. कारखान्यामागच्या दोन खोल्यांत मुलगा भिंतीला टेकून बसला होता. आम्ही कुठून आलो ते कळल्यावर सून हळूच म्हणाली, “शेवटी महिनाभर वेगवेगळ्या आवाजात बोलून राहिल्या होत्या. मले तं भेव वाटे. कोन एक बाई सारखी सुई-दोरा मागे. एक मानूस पहाडे म्हने.”

आईने तिचा हात धरला. “सुई-दोरावाली तिसऱ्या रांगेतली. ब्लाउज शिवायची. पाढे म्हणणारे आमच्या शाळेचे गुरुजी.” सून एकेक सांगत गेली आणि आई एकेकाचं घर सांगत गेली. सुनेची भीती उतरत गेली. मुलगाही पुढे सरकून बसला.

“आणि तिच्या स्वतःच्या आवाजात?” आईने विचारलं.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. “तसा नाही ऐकला. शेवटी शेवटी तं नाहीच.”

मग मुलगा म्हणाला, “आई मले ‘राजा’ म्हने.” आणि ती कशी म्हणायची ते सांगायला त्याने तोंड उघडलं. “राजा,” तो म्हणाला. तो त्याचाच आवाज होता. त्याने पुन्हा एकदा करून पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं.

आईने डोळे मिटून आठवून पाहिलं. मीही आठवून पाहिलं. तिचे शब्द मला सगळे आठवत होते. आवाज नाही.