मी वाचून दाखवलेली चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवे होते तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? नीट ठाऊक नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. गोष्ट झाकून ठेवायलाही अंगात बळ लागते, आणि ते आता उरलेले नाही, एवढेच समजा.

पण आधी इतरांनी जे पसरवून ठेवले आहे ते निस्तरू द्या. सहा वर्षांपूर्वी आमच्या टॉवेलच्या कारखान्याने होटगीच्या पुढे, एका शेतातल्या निवासात, दोन दिवसांची बैठक भरवली होती. माग बंद ठेवायचे, मालक आणि कामगारांनी कारखान्याबाहेर एकत्र बसायचे आणि धंद्यासाठी नवे काही सुचते का ते पाहायचे — अशी ती योजना. बैठक चालवायला पुण्याहून केतकी नावाच्या बाई आल्या होत्या. तोच त्यांचा व्यवसाय. त्या बैठकीतून काही निघाले नाही, आणि का निघाले नाही याच्या निरनिराळ्या कथा आज गावात फिरतात. आमचे जुने मॅनेजर सांगतात की पुण्याच्या बाईंना मागातले काही कळत नव्हते. हे खोटे आहे. बैठकीआधी त्या तीन दिवस कारखान्यात उभ्या होत्या, आणि त्यांनी विचारलेले प्रश्न मॅनेजरांना वीस वर्षांत सुचले नव्हते. माझे धाकटे बंधू सांगतात की मी रुसलो होतो, मला ओढून न्यावे लागले. हेही खोटे. मी स्वतःच्या गाडीने, सर्वांच्या आधी अर्धा तास पोहोचलो होतो. माझा मुलगा सुधीर सांगतो ती कथा तिसरी. तिच्याबद्दल मी त्याला बोल लावणार नाही — ती त्याला मीच दिलेली आहे.

बैठक सुधीरची होती. मालाला मागणी कमी होत चालली होती, निम्मे माग उभे होते, आणि नवे काही सापडले नाही तर दोन-तीन वर्षांत कुलूप लागेल हे त्याला माझ्याआधी दिसले होते. मला दिसले नव्हते का? दिसले होते. पण आमचा टॉवेल म्हणजे जाड टॉवेल. वडिलांनी ठरवलेले वजन मी माझ्या हयातीत एका धाग्यानेही कमी होऊ दिले नाही. पहिल्या दिवशी सकाळी मी तेच बोललो, चांगली वीस मिनिटे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मालक बोलल्यावर कोण वाजवत नाही?

त्यानंतर केतकीबाईंनी नियम सांगितले. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच सूचना लिहायची, कोणत्याही भाषेत. नाव घालायचे नाही. चिठ्ठ्या त्या स्वतः वाचतील आणि भिंतीवर चिकटवतील. आणि मालक व सुधीर कोणत्याही चिठ्ठीला हात लावणार नाहीत. हा शेवटचा नियम सांगताना त्या माझ्याकडे पाहून हसल्या. मीही हसलो.

दुपारी त्या एका चिठ्ठीपाशी थांबल्या. ती तेलुगूत होती. आमच्याकडे तेलुगू बोलणारे पुष्कळ, पण शिकलेले सगळे मराठी शाळांत; अक्षरे वाचणारे कोणी नाही. लिहिणारी मात्र एक होती — टॉवेलच्या कडा शिवणारी नरसव्वा. तेलंगणातून लग्न होऊन आलेली, चौथीपर्यंत तिकडेच शिकलेली, बावीस वर्षे आमच्याकडे शिलाईच्या मशीनवर. म्हणजे नाव नसूनही चिठ्ठी कुणाची हे सर्वांना कळले होते. ती दुसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती.

“कुणाला वाचता येईल?” बाईंनी विचारले.

“मालकास्नी येतंय की, मॅडम,” सिद्राम म्हणाला. सिद्राम आमचा जॉबर, माग दुरुस्त करणारा. माझ्या प्रत्येक गुणाचा त्याला माझ्याहून अधिक अभिमान. खोटे नव्हते ते. माझे लहानपण शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या शेजारात गेले. तेलुगू मी पाटीवर शिकलो आहे, आणि ते चार माणसांत दाखवण्याची संधी मी कधी सोडलेली नाही. बाई घुटमळल्या. त्यांचा नियम त्यांना आठवत होता. पण मी हात पुढे केला होता, आणि माझ्या वयाच्या माणसाचा पुढे आलेला हात रिकामा कसा परत पाठवायचा? त्यांनी चिठ्ठी दिली.

चार ओळी होत्या. टॉवेल फार जाड आहे, पिळताना मनगटे भरून येतात, पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. निम्म्या वजनाचा विणा, बायका तोच घेतील. मालकांना दोनदा सांगितले आहे. ज्यांनी कधी टॉवेल पिळला नाही ते त्याचे वजन ठरवतात.

दोनदा सांगितले होते, हे खरे. दोन्ही वेळा मी मान डोलावून पुढे गेलो होतो.

आता — इथे मला थांबावेसे वाटते. मी संतापाच्या भरात वागलो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण संताप नव्हता. दुसऱ्या ओळीलाच मला कळले होते की हे बरोबर आहे. दोन दिवस आम्ही जे शोधायला आलो होतो ते माझ्या हातात होते. सुधीर समोर वही उघडून बसला होता. आणि मी चष्मा सारखा केला, घसा साफ केला, आणि वाचले:

“दुपारचा चहा गरम मिळावा.”

मनाला येईल ते बोललो असे समजू नका. मी निवडून बोललो. ऐकताच हशा पिकेल असे काही हवे होते, कारण हसून झाल्यावर चिठ्ठी पुन्हा वाचा असे कोणी म्हणत नाही.

हशा पिकला. “आगं नरसव्वा,” सिद्राम म्हणाला, “गाडी करून एवड्या लांब हितं आणलं, ते च्यासाठी व्हय? तितंच सांगायचं की.” सुधीर हसला नाही. त्याने वही मिटली. बाईंनी ती चिठ्ठी ‘सोयी’ असे लिहिलेल्या कागदाखाली चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तिथेच, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्यापुढून अनेकदा गेलो. एकदा तर उभा राहून पुन्हा वाचली.

जेवणानंतर हात धुताना नरसव्वा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तेलुगूत, हळू आवाजात म्हणाली, “अक्षरं विसरलात काय मालक? घराकडं या, मी गिरवून देते.”

तिने मला वाट करून दिली होती, हे तुमच्या लक्षात आले का? मी चुकून वाचले असे मानायला ती तयार होती. मी तेव्हाही परत जाऊन सांगू शकलो असतो — चूक झाली, नजर कमी झाली. जेवणाच्या पानांवरून माणसे अजून उठलीही नव्हती.

“वय झालं, नरसव्वा,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. “व्हय,” ती मराठीत म्हणाली, “वय झालं.” आणि ताट विसळायला गेली.

कारखान्यात परतल्यावर मी शिलाई खात्यासाठी मोठा थर्मास मागवला. मॅनेजर आजही त्याचे कौतुक सांगतात: मालकांनी एका बाईची साधी मागणीसुद्धा लगेच मान्य केली. खोट्याला पुरावा लागतो, म्हणून तो थर्मास होता. सिद्राम रोज दुपारी हाक मारायचा, “नरसव्वाबाई, गरम हाय न्हवं? न्हाईतर मालकास्नी चिट्टी लिवा.” ती त्यातला चहा कधी प्यायली नाही. वर्षाच्या आत काम सोडून गेली. आता घरी विड्या वळते असे ऐकतो. घर मला माहीत आहे. मी गेलेलो नाही.

पातळ टॉवेल पुढे दुसऱ्या एका कारखान्याने काढला. बायकांनी तोच घेतला. आमचे माग विकले गेले. सुधीरचे आता सात रस्त्याच्या चौकात दुकान आहे, आणि त्या दुकानात तोच टॉवेल सर्वांत जास्त खपतो. हेही मी सोसले असते. कारखाने बंद होतात. माझा एकट्याचाच झाला असे नाही.

गेल्या महिन्यात व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात सुधीरला बोलायला बोलावले होते. नव्याने धंद्यात पडलेली मुले-मुली समोर, आणि विषय हाच: कामगारांना बाहेर नेऊन, एकत्र बसवून नवे काही निघते का. मला पुढच्या खुर्चीवर बसवले होते, खांद्यावर शाल घालून. सुधीर चांगला बोलतो. ते माझ्याकडून आले आहे. तो म्हणाला, “मी मोठ्या आशेनं केलं होतं हो हे. बावीस वर्षं काम केलेल्या बाईला विचारलं, नवीन काय करूया? तिनं लिहून दिलं, चहा गरम द्या.” सभागृह हसले. “त्या दिवशी शिकलो,” तो म्हणाला, “माणसांना विचारत बसायचं नाही. आपण ठरवायचं, त्यांना सांगायचं.” पुढच्या रांगेतली एक मुलगी ते वहीत उतरवून घेत होती.

त्याच्या आवाजात विनोद नव्हता. थकवा होता. माझा मुलगा मुळात असा नव्हता. माणसांना विचारायला हवे असे या घरात म्हणणारा तो पहिला. त्याला असे मी केले, मॅनेजरांनी नाही, केतकीबाईंनी नाही.

मग तो माझ्याकडे वळला. “बाबांनीच वाचली होती ती चिठ्ठी. हो ना, बाबा?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान डोलावली. एकदा नव्हे, दोनदा. मागच्या रांगांनाही दिसावी म्हणून.