वजन जुळलं, तुकडे नाही

रविवारी सकाळी आम्ही नवरा-बायको मटार सोलत बसलो होतो. वरच्या खोलीतली भाडेकरू पोरगी खाली आली आणि तोंड पाडून बसली. पोरगी नागपूरची, इथे इंदूरला औषधांच्या लॅबमध्ये नोकरीला.

"काय झालं गं?" हिने विचारलं.

"काकू, महिनोन्महिने खपून एक पावडर बनवली. आता मास स्पेकवर लावली तर वेगळीच निघाली."

ते मशीन म्हणे पदार्थाच्या अगदी बारीक कणाचं वजन करतं. मग तो कण फोडून तुकड्यांचंही करतं.

"पूर्ण वजन जुळलं, काकू. पण दोन वेगळ्या वस्तूंचं वजन सारखं असू शकतं, म्हणून तुकडे बघायचे. तेच जुळत नाहीत."

"जुळले म्हणून लिहून टाक," मी म्हणालो. "सफेद पावडर ती सफेद पावडर. कोण बघतंय?"

"तुम्ही टेम्पोच चालवा," ही म्हणाली. "पोरी, तू खरं तेच लिही." आणि माझ्यापुढची टरफलं चाचपून हिने त्यात राहिलेले दाणे काढले.

दुपारी ही गॅसपाशीच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी वेचायला मुक्तिधामात गेलो. शेजारी-शेजारी दोन ओटे, दोन्हींवर सारखीच राख.

"अपनी कौन सी है, बाबूजी?" तिथल्या माणसाने विचारलं.

सांगता येईना. आदल्या संध्याकाळी मी मान वर केलीच नव्हती. मनात आलं, जवळची घ्यावी. राख ती राख, कोण बघतंय. लिहायला लाज वाटते, पण आलं.

"कोई रॉड-प्लेट डली थी क्या?"

खजराण्याच्या गणपतीला ही पायऱ्यांवरून घसरली तेव्हा ऑपरेशन झालं होतं. मी गाडी घेऊन रतलामला होतो. कुठल्या पायात काय घातलं, मी कधी विचारलंच नाही. जन्माची बायको, आणि पोरीला फोन लावावा लागला.

"डाव्या मांडीत पट्टी आहे, काका. मीच तेल चोळून द्यायचे ना."

जवळच्या ओट्यावर पट्टी नव्हती. पलीकडच्या राखेत सापडली, काळी पडलेली.

मी तिथेच खाली बसलो, एकेक तुकडा वेचला. वेचून झाल्यावर राख परत एकदा चाचपली. माझ्याकडून राहतंच काहीतरी.