उलटी उमटलेली समई

माझ्या कॉम्प्युटरवर माझी एक खासगी विकी आहे, घरापुरता ज्ञानकोश म्हणा. तिच्या पानात बाहेरून चित्र आणून चिकटवावं लागत नाही. मजकुरातच चार ओळींचा प्रोग्राम लिहिला की रेषा तिथल्या तिथे उमटतात, आणि कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. आज सकाळी त्यात बायको दारात काढते ती समईची ठिपक्यांची रांगोळी घातली. प्रत्येक ठिपक्याची जागा आकड्यांत सांगून समई काढली, तर ती उलटी उमटली, ज्योती खाली. आपण आलेखात उंची खालून वर मोजतो, कॉम्प्युटर वरून खाली मोजतो, हे मी विसरलो होतो.

दुरुस्त करणार, तेवढ्यात मीना चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "छान जमलीय."

"अगं, उलटी आहे."

"मी उंबऱ्यात बसून काढते. मला रोज अशीच दिसते. सरळ दिसते ती येणाऱ्याला."

इतकी वर्षं कामावरून येताना मी त्या सरळ समईला वळसा घालून घरात शिरलो, आणि ती तशीच असते असं धरून चाललो.

प्रोग्रामला मी हात लावला नाही. पानाचं नाव तेवढं बदललं: उंबऱ्यातून.