सकाळचे सात सेकंद

घरात चालताना डाव्या हाताची बोटं भिंतीला लागलेली. कॉफीचा पेला अर्धाच भरून घ्यायचा. चप्पल मागून पट्टा असलेलीच. साडीच्या निऱ्या पलंगावर बसून करायच्या. देवळात गर्दी असली की, "तू पुढे जा, मला इथून दिसतंय." उन्हाळ्यात दुपारी मानेवर ओला पंचा. कुणी हाक मारली तरी लगेच उठायचं नाही. आधी पायांकडे बघायचं, मग उठायचं.

विनुताअक्काच्या या सवयी भुवनाला पाठ होत्या. शाळेत ती अक्काकडे गणित शिकली होती. पुढे ती साहित्याकडे वळली, एम.ए. झाली, आणि समोरच्या घरातल्या या बाईंची मैत्रीणच झाली. अक्काचा स्वभावच सावकाश, असं तिला वाटायचं. माणसं वाचायला आपण शिकलोय, असंही वाटायचं.

आजाराची बातमी तमिळ मुलखातल्या, राजवाड्यामागच्या त्या मराठी गल्लीत सगळ्यांना होती. आठ वर्षांपूर्वी वर्गात फळ्यावरचं गणित अक्काला एका डोळ्याने पुसल्यासारखं दिसू लागलं. तपासण्या झाल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं, असं डॉक्टरांनी समजावलं. गल्लीने त्याचं 'नसांचा त्रास' केलं आणि विषय संपवला. डोळा सुधारला. नंतर दोनदा पाय बधिर झाले, तेही सुधारले. पुढे औषध सुरू झालं आणि असे झटके थांबले.

घरात अक्का आणि तिचे वडील रंगराव, दोघंच. रंगराव निवृत्त हेडमास्तर. अक्काची फाइल ते ठेवायचे. दर सहा महिन्यांनी दोघं दवाखान्यात जायचे. तिथे बोळात जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या होत्या, एकमेकींपासून पंचवीस फुटांवर. एका पट्टीपासून दुसरीपर्यंत चालायचं, डॉक्टर घड्याळ लावायचे. अक्काला सात सेकंद लागायचे. स्कॅनमध्ये नवा डाग नसायचा. डॉक्टर साईराम म्हणायचे, स्थिर आहे. फाइलच्या आत रंगराव पेन्सिलीने सात लिहायचे आणि वाटेत अशोका हलवा घ्यायचे.

या खेपेला रंगरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून भुवना बरोबर गेली.

नंबर पहिला होता, सकाळी आठचा. पण डॉक्टरांना तातडीच्या रुग्णाकडे जावं लागलं. नऊ वाजले, अकरा वाजले. बाकांवर माणसं वाढत गेली, पंखा नुसता गरम वारा ढवळत राहिला. एक वाजता नाव पुकारलं, तेव्हा अक्का उठली नाही. तिने भुवनाचं मनगट धरलं.

"चल गे, घरी जाऊ. उद्या सकाळी येऊ."

"का अक्का? आता तर बोलावलंय."

"आज नक्को. आज मार्क कमी पडतील."

भुवनाला आधी हसू आलं. मग अक्काचा चेहरा बघून ते गेलं. दबक्या आवाजात अक्काने सांगितलं ते असं. तपासणीआधी ती दोन दिवस रजा काढायची. जिना चढायची नाही. सकाळी गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ करायची, दारापर्यंत रिक्षा, पहिला नंबर. मग सात सेकंद. मास्तरांच्या घरची मुलगी. परीक्षा म्हटली की तयारी करून जायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. रोजच्या दुपारी काय होतं, ते डॉक्टरांना तिने कधी सांगितलंच नव्हतं. दुपारी पाय जड व्हायला लागून दोन वर्षं झाली होती.

भुवनाला एकेक आठवत गेलं. भिंतीवरची ती बोटं, तो अर्धा पेला. इतके दिवस तिने सगळं बघितलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं.

"डॉक्टर सकाळच्या बाईला औषध देतायत," ती हळूच म्हणाली. "दुपारच्या बाईला कोण देणार?"

अक्काने तिचं मनगट सोडलं. मग पायांकडे बघून उठली.

आत डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कसं चाललंय. अक्का नेहमीप्रमाणे म्हणाली, "परवाइल्लै." ठीकच आहे. तमिळ मुलखात हे उत्तर तोंडातून आपसूक येतं. भुवनाच्या जिभेवर सगळं आलं होतं. ती गिळून बसली. सांगायचं ते अक्काने सांगायचं होतं.

बोळात अक्का चालली. अर्ध्यावर उजव्या पायाचा चवडा घासला. तिने भिंत धरली, सोडली, पुन्हा चालली. तेरा सेकंद.

डॉक्टरांनी विचारलं, ताप होता का, नवा झटका वगैरे आला का. अक्का खुर्चीत बसली. पदराने मान पुसली.

"झटका नाही. दुपारी अशीच असते मी. तुम्ही मला नेहमी सकाळी बघता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तरुण माणूस, चाळिशीही नसेल. थोडा वेळ फाइल चाळत राहिले. म्हणाले, तुम्ही ठीक म्हणायचात, मी ठीक लिहायचो. स्कॅन स्वच्छ दिसलं की मलाही बरं वाटायचं. पुढचा प्रश्न मीच टाळला असेन.

मग ते इंग्रजीत काही सांगू लागले. आजाराचा टप्पा, पुढच्या टप्प्याकडे सरकणं, शक्यता. अक्काने हात वर केला, वर्गात मुलींना थांबवायची तसा.

"सरळ सांगा, डॉक्टर. वाढतोय का?"

"वाढतोय, असं मला वाटतं," ते तमिळमध्ये म्हणाले. "झटके न येताही वाढतो. हळूहळू."

"चाकाची खुर्ची?"

"माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं."

पुढचं ते सावकाश बोलले. आजच्या एका आकड्यावर ते काही ठरवणार नव्हते. उन्हाने, थकव्यानेही चाल मंदावते. पण दोन वर्षांच्या दुपारी त्यांना सोडून देता येत नव्हत्या. दोन आठवडे रोजचं खरंखुरं लिहून आणा, म्हणाले. मग दुपारी तीनला या, विश्रांती न घेता. औषध बदलायचं का, ते तेव्हा बघू. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे आजच जा, काठीचा विचार करा. आणि शाळेत सांगून वर्ग खालच्या मजल्यावर घ्या. हे शेवटचं ऐकताना अक्का खिडकीकडे बघत होती.

घरी रंगराव काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते.

"किती?"

"तेरा."

"घड्याळ चुकलं असेल त्यांचं."

"नाही अप्पा. सात सकाळचे होते. तुम्हालाही मी सकाळचंच दाखवायचे."

हाताने चाचपत रंगरावांनी शेजारची जागा झटकली, म्हणजे तिने बसावं.

"मी माझा पलंग पुढच्या खोलीत का आणला?"

"वारा येतो म्हणून. तुम्हीच म्हणालात."

"वारा कसला तिथे! न्हाणीघराजवळची खोली तुला मिळावी म्हणून. तू सांगत नव्हतीस. मग मी विचारायचं कसं?"

अक्का हसली. मग तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. भुवना आत जाऊन उगाच पाणी प्यायली.

चौदा दिवस अक्काने वही लिहिली. गणिताच्या बाईंची वही: तारीख, वेळ, किती चालले, काय जमलं नाही. काही लपवलं नाही. न्हाणीघरात पडले, तेही लिहिलं. दूध उतू गेलं आणि वेळेत पोचता आलं नाही, तेही.

पंधराव्या दिवशी अक्का सकाळी नेहमीसारखी शाळेत गेली. विश्रांती घ्यायची नव्हती ना. दुपारी तिला शाळेतूनच घेऊन दवाखान्यात जायचं ठरलं होतं. वही टेबलावर राहिली, ती आणायला भुवना आली. वहीखाली मुख्याध्यापिकेच्या नावाचा अर्ज होता. तारीख दहा दिवसांपूर्वीची. अक्षर वळणदार, समास नीट सोडलेला. दहावी 'ब' चा वर्ग चालू महिन्यापासून तळमजल्यावर हलवावा, ही नम्र विनंती. त्याखाली नवी ओळ होती. कारण, एवढा एकच शब्द, आणि पुढे कोरा कागद.