कुठला तवा?

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडव्याच्या जेट्टीवर लाँचची वाट बघत होते, मुंबईच्या हॉस्पिटलात तिलाच भेटायला निघालेली. फोनवर काकू होती. "सुटली गो बिचारी," ती म्हणाली. मी फोन कापला. महिना उलटला, आमच्या गावात, थळमध्ये, अजून तेच ऐकते आहे… सुटली. जणू ताई कुठे अडकली होती.

ताईला थॅलेसेमिया मेजर होता. मुंबईला जाऊन पुन्हा पुन्हा रक्त चढवायचं, त्या रक्तातून अंगात लोह साचायचं, म्हणून डॉक्टरांनी लोखंडी भांडी बंद करायला सांगितली. आईने लोखंडी तवा माळ्यावर टाकला आणि ॲल्युमिनियमचा आणला. त्याच्यावर तांदळाची भाकरी एकीकडे करपायची, दुसरीकडे कच्ची राहायची. माझ्या वेळी मात्र आईने पोटातच तपासणी करून घेतली होती. मी आजारी नाही असं निघालं, म्हणून मी आहे. ताई मला 'पास' म्हणायची. "ए पास, पाणी आण." मला राग यायचा, पण ते खरंच होतं. तिची परीक्षाच झाली नव्हती, म्हणून ती होती. तपासणीशी माझं भांडण नाही. ताईच्या तोंडावर तिचं नसणं मोजणाऱ्यांशी आहे.

गणपतीत काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "तवाच हिची टेस्ट केली असती, त ह्यो भोग नसता." आमच्याकडे तेव्हाला तवा म्हणतात.

ताईने हातातला मोदक खाली ठेवला. "कुठला तवा, काकू? लोखंडी का ॲल्युमिनियमचा?"

सगळे हसले, काकूसुद्धा. ताई हसली नाही. ती आईकडे वळली. "सांग ना, केली असतीस तर?"

आई चहा टाकायला उठून गेली. ताईने परत विचारलं नाही. पण आई भाकऱ्या थापायला बसली की ती तिच्या पाठीकडे बघत राहायची…

तेराव्यानंतर काकूने माळ्यावरचा तवा काढला, चिंचेने घासला, गॅसवर चढवला. "आता काय हरकत न्हाय. भाकऱ्या तरी नीट व्हतील."

आईने पिठाच्या हातानेच तो उचलला.

"अगो, तापलाय त्यो!"

आईने तवा मागच्या पायरीवर नेऊन ठेवला. "जाऊबाई, हा तुम्ही न्या."

मग ॲल्युमिनियमचा चढवला. पहिली भाकरी करपली. लाल झालेल्या बोटांनी आईने ती ताईच्या ताटात वाढली.